विश्लेषण : अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकरांचे गाव कसे केले? सव्वादोनशे वर्षांनंतरही तिथले माग सुरू का आहेत?

अहिल्यादेवी होळकर म्हटले की काशी विश्वनाथ, सोमनाथ, नदीचे घाट, बारव आणि धर्मशाळा आठवतात. मात्र, त्यांच्या कारभाराची आणखी एक खूण आहे आणि ती आजही रोज सकाळी कामाला लागते. ती म्हणजे नर्मदाकाठच्या महेश्वरमधील हातमाग. मराठी घरांत लुगडे आणि साडी म्हणून ओळखीची असलेली महेश्वरी याच गावची.

राजधानी म्हणून महेश्वरचे दिवस केव्हाच संपले. विणकरांचे गाव म्हणून ते टिकले. एक विधवा सून राज्यकर्ती कशी झाली, तिने एका तीर्थाच्या गावाला बाजारपेठ कशी केली, आणि ती गेल्यावर या गावाचे काय झाले, हे समजून घेणे पिंपरी-चिंचवड आणि चाकणसारख्या कारखान्यांवर जगणाऱ्या पट्ट्यातील वाचकांसाठीही उपयोगाचे आहे.

महेश्वर नेमके कुठे आहे?

महेश्वर हे मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यातील गाव. इंदूरपासून ते सुमारे ९० किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर काठावर आहे. पुराणांतील माहिष्मती नगरी ती हीच, अशी श्रद्धा आहे. गावाच्या दक्षिणेला नदी, नदीला लागून दगडी घाट, घाटावर किल्ला आणि किल्ल्यात होळकरांचा वाडा, अशी रचना आहे. राजवाडा म्हणावा असा थाट या वाड्याला नाही. लाकडी खांबांचा, मधे चौक असलेला हा वाडा एखाद्या मोठ्या पाटलाच्या घरासारखा दिसतो.

हा भाग निमाड म्हणून ओळखला जातो. काळी जमीन आणि कापूस ही निमाडची ओळख. उत्तरेला माळवा, दक्षिणेला खानदेश आणि मधे नर्मदा, असे या गावाचे स्थान आहे. विणकाम इथे रुजण्यामागे हा भूगोलही आहे.

चौंडीची मुलगी होळकरांच्या घरात कशी आली?

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात येते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मुलींना लिहिणे-वाचणे शिकवण्याची रीत नव्हती, त्या काळात अहिल्यादेवींना अक्षरओळख होती.

पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीला सून म्हणून निवडले. मल्हाररावांचे घराणे मूळचे होळ गावचे, म्हणून होळकर. धनगर कुटुंबात जन्मलेले मल्हारराव स्वतःच्या कर्तृत्वावर माळव्याचे सुभेदार झाले होते. १७३३ मध्ये त्यांचा मुलगा खंडेराव याच्याशी अहिल्यादेवींचा विवाह झाला. त्या वेळी त्यांचे वय आठ वर्षांचे होते. पुढे त्यांना मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी झाली.

१७५४ मध्ये काय घडले?

मार्च १७५४ मध्ये मराठ्यांनी जाटांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. या वेढ्यात किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या माऱ्यात खंडेराव ठार झाले. अहिल्यादेवी तेव्हा २९ वर्षांच्याही नव्हत्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. एकुलता एक मुलगा गमावलेल्या मल्हाररावांनी त्यांना थांबवले.

त्यानंतरच्या बारा वर्षांत मल्हाररावांनी सुनेकडे कारभार सोपवला. स्वतः उत्तरेतील मोहिमांवर असताना ते पत्रांतून तिला सूचना देत. वसूल गोळा करणे, फौजेला रसद पोहोचवणे, तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्था लावणे, अशी कामे त्यात होती. पुढे ज्यांची ओळख केवळ देवभक्त बाई अशी झाली, त्या अहिल्यादेवींचे शिक्षण अशा हिशेबाच्या आणि पुरवठ्याच्या कामांतून झाले होते.

सत्ता त्यांच्या हाती कशी आली?

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. सुभेदारीची वस्त्रे नातू मालेराव यांना मिळाली. पण मालेरावांची प्रकृती आणि मनःस्थिती ठीक नव्हती. वर्षभराच्या आतच, १७६७ मध्ये, त्यांचाही मृत्यू झाला. अहिल्यादेवींनी मुलाला हत्तीच्या पायी दिले, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. ती आख्यायिका आहे. मालेराव आजारपणात गेले, असे इतिहासकार मानतात.

होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवायचा होता. त्यांनी रघुनाथराव पेशव्यांना आपल्या बाजूला वळवले. रघुनाथराव फौज घेऊन माळव्यात आले. अहिल्यादेवींनी दत्तकाला नकार दिला, लढाईची तयारी केली आणि इतर मराठा सरदारांशी संपर्क साधला. पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. त्यांनी अहिल्यादेवींचा अधिकार मान्य केला आणि काकांना माघार घ्यावी लागली.

यानंतर कामाची वाटणी झाली. फौजेची जबाबदारी मल्हाररावांचे विश्वासू सरदार तुकोजी होळकर यांच्याकडे गेली. मुलकी कारभार, वसूल आणि न्याय अहिल्यादेवींकडे राहिला. ही व्यवस्था सुमारे २८ वर्षे चालली.

राजधानी महेश्वरच का?

इंदूर होळकरांच्याच ताब्यात होते आणि त्याची वाढही अहिल्यादेवींच्या काळात झाली. तरी त्यांनी स्वतः राहण्यासाठी महेश्वर निवडले. नर्मदेविषयीची श्रद्धा हे त्याचे एक कारण होते. पती, सासरे आणि मुलगा यांना एकामागून एक गमावल्यानंतर नदीकाठचे तीर्थ त्यांना जवळचे वाटणे स्वाभाविक होते.

पण राजधानी म्हणजे केवळ राहण्याची जागा नसते. दरबार आला की त्यामागोमाग कारकून, शिपाई, पुजारी, सावकार, वकील आणि पाहुणे येतात. या सगळ्यांना धान्य, कापड, भांडी आणि घरे लागतात. ही मागणी गावातच भागवायची, तर कारागीर गावात हवेत. नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना कौल देण्याची मराठी राज्यात रीत होती. कौल म्हणजे सरकारने दिलेले अभय आणि आश्वासन. त्यात जागा मिळे आणि सुरुवातीची काही वर्षे करात सूट असे. पुण्यातील अनेक पेठा पेशव्यांच्या काळात अशाच वसल्या.

महेश्वरच्या परंपरेनुसार अहिल्यादेवींनी विणकरांना बाहेरून बोलावून गावात वसवले. सुरत, मांडू, बनारस, हैदराबाद अशी ठिकाणे त्यासंदर्भात सांगितली जातात. इथल्या विणकरांत मोमीन-अन्सारी मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्या राज्यकर्तीचा दिवस शिवपूजेने सुरू होत असे, तिच्या किल्ल्याच्या सावलीत ही कुटुंबे स्थिरावली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

विणकर टिकायला काय लागते?

कारागिराला बोलावून आणणे तुलनेने सोपे असते. तो तिथे टिकणे अवघड असते. त्याला सूत वेळेवर मिळायला हवे, माल विकला जायला हवा, विकलेल्या मालाचा पैसा हाती राहायला हवा आणि माल घेऊन जाणारा व्यापारी वाटेत लुटला जाता कामा नये. यातील एक गोष्ट जरी मोडली तरी माग बंद पडतो. अहिल्यादेवींच्या कारभारातील काही निर्णय या नजरेने पाहिले, तर ते एकमेकांशी जोडलेले दिसतात.

रस्ते सुरक्षित कसे झाले?

माळवा आणि खानदेश यांच्यामधील डोंगरांतून जाणारे रस्ते व्यापाऱ्यांसाठी धोक्याचे होते. या भागातील भिल्ल टोळ्या वाटसरूंना अडवत. अहिल्यादेवींनी आधी बळाचा वापर केला. नंतर त्यांनी भिल्ल प्रमुखांशी बोलणी करून वेगळा मार्ग काढला. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर ठरावीक लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. हा कर भिलकवडी म्हणून ओळखला जाई. त्या बदल्यात त्या टापूत चोरी झाली, तर माल शोधून देण्याची किंवा भरपाईची जबाबदारी भिल्ल प्रमुखांवर आली. त्यांना पडीक जमिनी लागवडीला देण्यात आल्या.

याचा व्यापाऱ्यांना थेट फायदा झाला. लुटीची भीती असली की व्यापारी मालाच्या किमतीत ती जोखीम धरतो किंवा त्या वाटेने येतच नाही. कर ठरलेला आणि जबाबदार माणूस ठाऊक असला की त्याला हिशेब मांडता येतो. महेश्वरचे कापड दूरच्या बाजारांत जायचे, तर असा हिशेब मांडता येणे गरजेचे होते.

सावकाराच्या विधवेचे प्रकरण काय होते?

त्या काळी एखादा श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला, तर त्याच्या संपत्तीवर सरकारने हक्क सांगणे किंवा दत्तकाच्या परवानगीसाठी मोठा नजराणा घेणे सर्रास चाले. इंदूरमध्ये असाच एक सावकार वारला. तेव्हा तुकोजी होळकरांचा तळ जवळच होता. काही लोकांच्या सांगण्यावरून तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरला आली. अहिल्यादेवींनी तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना इंदुरातून तळ हलवण्याची, गावाला त्रास न देण्याची ताकीद दिली.

तुकोजी हे त्यांचे सेनापती होते आणि त्यांच्याशी बिघाड करणे अहिल्यादेवींना परवडणारे नव्हते. तरी त्यांनी बाजू घेतली ती विधवेची. ही हकिकत १८१८ नंतर माळव्यात कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. अहिल्यादेवींच्या मृत्यूला तेव्हा पाव शतकही झाले नव्हते आणि त्यांना पाहिलेली माणसे हयात होती.

या निर्णयाचा बाजारपेठेशी संबंध उघड आहे. आपण मेल्यावर घरच्या बाईमाणसाला लुटले जाणार नाही, अशी खात्री असेल तरच सावकार एखाद्या गावात पैसा गुंतवतो. विणकराला सुतासाठी उचल देणारा सावकारच असतो. तो गाव सोडून गेला, तर विणकराचा मागही थांबतो.

हमखास गिऱ्हाईक कोण होते?

नव्या धंद्याला सर्वांत आधी लागते ते खात्रीचे गिऱ्हाईक. महेश्वरमध्ये ते काम दरबाराने केले. दरबारात येणारे पाहुणे, नातलग, वकील आणि सरदारांच्या घरच्या स्त्रिया यांना वस्त्रे देऊन निरोप देण्याची पद्धत होती. हे कापड गावातच विणले जाऊ लागले. नऊवारी लुगडी आणि पागोट्याचे कापड हा इथला मुख्य माल होता. पहिली महेश्वरी अहिल्यादेवींनी स्वतः सुचवलेल्या नक्षीवर विणली गेली, असे महेश्वरमध्ये सांगितले जाते.

दरबारातून दिलेले वस्त्र पुण्या-नागपूरच्या, बडोद्या-ग्वाल्हेरच्या वाड्यांत पोहोचले की ते चार जणींच्या नजरेस पडे आणि मागणी वाढे. जाहिरातीचा याहून स्वस्त मार्ग त्या काळात नव्हता.

महेश्वरीचे वेगळेपण काय?

मूळ महेश्वरी सुती होती. सूत बारीक, कापड हलके, अंगभर चौकडी किंवा उभ्या रेघा आणि काठावर नक्षी, असे तिचे रूप. काठाची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडकामावरून घेतलेली आहे. नर्मदेच्या पाण्यासारखी लहर, चटईची वीण, विटांची रचना, हिरा, चमेलीचे फूल अशी तिची नावेच हे सांगतात. चंद्रकला, चंद्रतारा, बेली, परबी हे साड्यांचे जुने प्रकार. पदरावर रंगीत आणि पांढरे असे मिळून पाच पट्टे असतात.

तिचा सर्वांत उपयोगी गुण म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा काठ. त्यामुळे साडी उलटी-सुलटी, कशीही नेसता येते. एक बाजू जुनी दिसू लागली की दुसरी वापरायची. दरबारी थाटापेक्षा रोजच्या वापराचा विचार या रचनेत अधिक आहे. विसाव्या शतकात उभ्या धाग्यात रेशीम आणि आडव्या धाग्यात सूत वापरण्याची पद्धत रूढ झाली. गर्भरेशमी म्हणून ओळखली जाणारी ही साडीच आज बाजारात जास्त दिसते.

अहिल्यादेवींचा दिवस कसा जात असे?

माल्कमने त्यांच्या दिनक्रमाची नोंद केली आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि साधे शाकाहारी जेवण यात सकाळ जाई. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत आणि संध्याकाळी सहापर्यंत काम चाले. पुन्हा पूजा आणि अल्प आहारानंतर रात्री नऊ ते अकरा असा कामाचा दुसरा टप्पा असे. त्या पडद्यात बसत नसत आणि तक्रार घेऊन आलेल्यांचे म्हणणे स्वतः ऐकत.

देशभरातील मंदिरे, घाट, विहिरी आणि अन्नछत्रे यांचा खर्च मुख्यतः खासगीतून होत असे. खासगी म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या नावे असलेले स्वतंत्र उत्पन्न. राज्याचा खजिना आणि खासगी यांचे हिशेब वेगळे होते. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० मध्ये पूर्ण झाले. सोमनाथचे मंदिर आणि गयेचे विष्णुपद मंदिर ही त्यांचीच कामे. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांनी केला.

या कामांमुळे गवंडी, पाथरवट, सुतार यांना वर्षानुवर्षे काम मिळत राहिले. महेश्वरचे घाट आणि किल्ल्यातील देवळे बांधणाऱ्या कारागिरांचे दगडकाम विणकरांच्या रोज डोळ्यांसमोर होते. तीच नक्षी पुढे साडीच्या काठावर उतरली.

शेवटची वर्षे कशी गेली?

राज्याच्या कारभारात शिस्त असली, तरी घरात मृत्यू थांबला नाही. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा तरुण वयात गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निर्णय घेतला. ३७ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी अहिल्यादेवींना थांबवले होते. अहिल्यादेवींनी मुलीला थांबवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमले नाही. नर्मदेच्या काठावर मुलीची चिता त्यांना पाहावी लागली.

राजकारणातही अडचणी वाढत होत्या. तुकोजींच्या मोहिमांचा खर्च आणि वसुलाचा हिशेब यावरून दोघांत सतत ताण होता. महादजी शिंद्यांशी असलेली स्पर्धा टोकाला गेली आणि १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या कवायती फौजेने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. फौज आणि मुलकी कारभार वेगळा ठेवण्याच्या व्यवस्थेची मर्यादाही यातून दिसली. अहिल्यादेवींचा शब्द महेश्वरात चाले, पण रणांगणावरील निर्णय त्यांच्या हातात नव्हते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या ७० व्या वर्षी महेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळात महेश्वरहून पुण्याला जाणारी बातमीपत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली आणि त्या दरबाराचा रोजचा कारभार मराठी वाचकांसमोर आला.

दरबार गेल्यावर महेश्वरचे काय झाले?

दोन वर्षांनी तुकोजी गेले आणि होळकर घराण्यात वारसाचा झगडा सुरू झाला. पाठोपाठ लढाया आल्या. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूर येथे इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला गेली.

महेश्वरचे हमखास गिऱ्हाईक त्यामुळे दुरावले. नंतर गिरणीचे स्वस्त कापड आले. विसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि संस्थानही विलीन झाले. नऊवारी नेसणे कमी झाले. ज्या एका मोठ्या खरेदीदाराच्या जोरावर गाव वाढले होते, तो गेल्यावर गावाकडे दुसरी तयार बाजारपेठ नव्हती. काही विणकर इतर कामांकडे वळले, काही गाव सोडून गेले. विणकाम पूर्ण थांबले नाही, पण पुढच्या पिढीला त्यात राहावेसे वाटेल, अशी कमाई उरली नव्हती.

पुन्हा सुरुवात कशी झाली?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अखेरचे होळकर महाराज यशवंतराव यांचे पुत्र रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी महेश्वरमध्ये रेहवा सोसायटी सुरू केली. रेवा हे नर्मदेचे नाव, त्यावरून रेहवा. किल्ल्याच्या परिसरात माग बसवले गेले आणि स्त्रियांना विणकाम शिकवण्यात आले. पूर्वी विणकराच्या घरात मागावर बहुतेक पुरुष बसत. स्त्रियांकडे कांड्या भरणे आणि ताण्याची तयारी ही कामे असत आणि त्याची वेगळी मजुरी मिळत नसे. स्त्री स्वतः मागावर बसली आणि तिच्या नावे मजुरी जमा होऊ लागली, तेव्हा घरातील हिशेबही बदलला.

मालातही बदल झाले. नऊवारीऐवजी सहावारी, साडीबरोबर ओढणी, उपरणे, ड्रेसचे कापड असा माल निघू लागला. दिल्ली-मुंबईच्या दुकानांत आणि परदेशात तो जाऊ लागला. आज महेश्वरीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय आहे. गावात सहकारी संस्था, छोटे मालक आणि स्वतंत्र विणकर असे तिन्ही प्रकार दिसतात. किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांत मागांचा आवाज येतो आणि पर्यटक घाट पाहून झाल्यावर तिथेच खरेदी करतात.

पिंपरी-चिंचवड-चाकणला यातून काय घेता येईल?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि भोसरी, चिंचवड परिसरात भूखंड, पाणी, वीज, रस्ते देऊन कारखाने बोलावले गेले. पुढे चाकणमध्ये वाहन उद्योग आला. जागा द्यायची, काही सवलत द्यायची, वाट मोकळी करायची आणि कसबी माणसांना बोलवायचे, ही पद्धत कौल देऊन पेठ वसवण्यासारखीच आहे. मोठा वाहन कारखाना आणि त्याला सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप यांचे नाते दरबार आणि विणकर यांच्या नात्याची आठवण करून देते.

धोकाही तोच आहे. एकाच मोठ्या कंपनीला एकच भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपची ऑर्डर थांबली, तर त्या वर्कशॉपचे काय होते, हे भोसरी आणि चाकणमधील लघुउद्योजकांना सांगायची गरज नाही. १८१८ नंतर महेश्वरला हीच झळ बसली. नवा माल, नवे गिऱ्हाईक आणि मागावर बसणारे नवे हात मिळाले, तेव्हा ते गाव सावरले. त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

विणकाम आणि वाहन उद्योग यांत फरकही मोठा आहे. यंत्र जुने झाले की ते बदलता येते. हातमागाचे कसब मात्र घरात, पाहून आणि बसून शिकले जाते. एक पिढी तुटली की ते परत आणणे फार कठीण असते.

खरी महेश्वरी कशी ओळखायची?

बाजारात महेश्वरीच्या नावाने यंत्रमागावरचे आणि छापील नक्षीचे कापडही विकले जाते. घेताना काठ उलटून पाहावा. विणलेल्या काठाची नक्षी दोन्ही बाजूंनी नीट दिसते, छापलेली नक्षी मागून फिकी असते. हातमागावर कापड ताणून धरावे लागते, त्यामुळे कडेला बारीक छिद्रे दिसतात. विणीत किंचित कमी-जास्तपणा असणे हा दोष नाही. हॅण्डलूम मार्क किंवा जीआयची खूण आहे का, हे दुकानदाराला विचारावे. किंमत फारच कमी असेल, तर ती साडी हातमागावरची असण्याची शक्यता कमी आहे. एका साडीमागे कित्येक दिवसांचे काम असते.

आज हे पुन्हा का आठवायचे?

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. मे २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली आणि त्यानिमित्ताने राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पिंपरी-चिंचवडमध्येही दर ३१ मे रोजी जयंती साजरी होते. नगर, बीड, सोलापूर भागातून कामासाठी इथे आलेल्या अनेक कुटुंबांसाठी तो घरचा उत्सव असतो.

नावे, पुतळे आणि मिरवणुका यांतून आदर व्यक्त होतो. त्यांचा कारभार समजून घ्यायचा तर मात्र महेश्वरच्या मागांकडे पाहावे लागते. वाटेवरच्या व्यापाऱ्याचा माल, सावकाराच्या विधवेचा पैसा आणि बाहेरून आलेल्या विणकराचे घर या तीन गोष्टी त्यांनी सांभाळल्या. त्यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांत राजधानी गेली, पण विणकर गेले नाहीत. त्यांचे वंशज आजही तिथे धोटा टाकत आहेत. त्यांच्या मुलांनी मागावर बसावे की इंदूर-पिथमपूरच्या कारखान्यांत जावे, हा प्रश्न आता त्या घरांसमोर आहे. विणकामातून मिळणाऱ्या मजुरीवर त्याचे उत्तर अवलंबून आहे.